तालुक्याचं टोक गनीभाईच्या रानात

गनीभाई मानूस वाईट न्हाई. हे आदीच सांगून टाकतो, कारन पुढं माझं डोकं तापनार हाय.

त्याचं रान डांबरी रस्त्याला लागून. माझं त्याच्या मागं. मधी त्याची साडेचार एकर तूर-बाजरी, आन वरच्या अंगाला दगडगोट्यांचं एक टेकाड. तिथं शेळीसुद्धा दोन मिनिटांत कंटाळती. मला रस्त्यावर यायचं तर ओढ्यातनं फेरा मारावा लागतो, कांद्याची गोनी डोक्यावर घेऊन. टेम्पोवाला तिकडं हॉर्न वाजवतोय, आन मी आसाराम इकडं गुडघाभर चिखलात. वीस वर्सं झाली.

गनीभाईला एकाच गोष्टीची धास्ती: वहिवाट. आमच्याकडं एका जागेवरनं मानसं सारखी ये-जा करायला लागली, की तिचा रस्ता हुतो, रस्ता कागदावर चढतो, आन जमीन नुसती नावाला तुमची राहती. म्हनून हा बाबा कुनालाच एका वाटेनं दोनदा जाऊ देत न्हाई. शेळ्यांनासुद्धा! रानातनं कुनी गेलं, की बाभळीची फांदी घेऊन मागनं पावलं पुसत जातो. पोस्टमन आला तर त्याची बी पुसतो. जरीनाभाभी म्हनत्यात, "निकाह करून आले तवा माझी बी पुसली असतील यांनी."

मागच्या हिवाळ्यात पुन्याची एक पोरगी आली, पंकजा नावाची. पाठीवर सॅक, हातात काठी, डोळ्यावर गॉगल. दर तालुक्यातली सगळ्यात उंच जागा हुडकायची आन तिथं जाऊन उभं राहायचं, हा तिचा छंद. एकेकाचं नशीब! आमच्या तालुक्याची उंच जागा कुठं, तर मोबाईल म्हनला, गनीभाईच्या टेकाडावर. मी बांधावरनं बघत हुतो. म्हनलं, आता हाकलतो बघ हिला.

कसलं काय! पोरगी म्हनली, "काका, तुमच्या शेतातून जाऊ का?" आन हा विरघळलाच की. "ये की, बेटा!" तिला तुरीतनं वर नेलं, फोटो काढला, भाभींनी चहा पाठवला. ती गेल्यावर फांदी फिरवली आन गडी निवांत झाला.

पन पोरीनं आपल्या वाटेची रेघ मोबाईलमधनं इंटरनेटवर टाकलेली. आठ दिसांनी चार जनं आली, बरोबर त्याच रेघेवरनं! गनीभाईचं तोंड उतरलं. ती रेघ फांदीनं कशी पुसनार? मग त्यानं दर पाव्हन्याला नव्या वाटेनं न्यायचं सुरू केलं. कुनाला विहिरीला वळसा घालून, कुनाला गोठ्यातनं, एका बँकेतल्या साहेबाला तर पार शेनाच्या उकिरड्यावरनं. महिन्याभरात मोबाईलच्या नकाशावर रेघांचा असला गुंता झाला, की पाच मिनिटांच्या टेकाडाला लोकांना तास लागायला लागला. आन वर ते लिहायचे, चढाई अवघड हाय!

माझं डोकं फिरलं. पुन्याच्या मानसाला चहा, आन शेजाऱ्याला ओढा? यंदा सत्तर गोन्या कांदा भरून वावरात पडलेला, वर आभाळ काळंकुट्ट, टेम्पो दुपारी शेवगावच्या बाजाराला जानार. भिजला की सडला, संपलं वर्साचं. मी टोपी घातली, मेव्हन्याचा गॉगल चढवला, एक गोनी दोरीनं पाठीला बांधली, काठी घेतली आन गनीभाईच्या बांधावर हजर.

"काका," म्हनलं, "तालुक्यातली उंच जागा बघायचीय."

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. हसला न्हाई. "चल की, बेटा," म्हनला. आन खरंच वर नेलं हो! गोनीसकट, दगडांतनं. टोकावर पोचेस्तोवर माझा जीव मेटाकुटीला आल्ता. गोनी आपटली आन तोंड सोडलं.

"लाज वाटती का, गनीभाई? वीस वर्सं ओढा तुडवतोय मी. आज कांदा भिजला तर घरी खायचं काय? पुन्याची मानसं तुमची सगी, आन मी कोन?"

गनीभाई दगडावर बसला. "ती पोरगी काय म्हनली, ऐकलं हुतंस ना?"

"व्हय. जाऊ का म्हनली."

"तू काय म्हनलास? काईच न्हाई. तू आदी तहसीलला अर्ज टाकलास. तुला वाट पायजे हे मला नोटीस हातात पडल्यावर कळलं. त्या दिसापासनं पावलांची धास्ती बसली मला. तुझ्या दारापासनं माझं दार तीनशे पावलं, आसाराम. कवा आलास?"

खरंच न्हाई गेल्तो. वकील गाठला, तलाठी गाठला, एका पुढाऱ्याच्या घरी गावरान कोंबडा पोचवला. गनीभाईला इचारायचं तेवढं ध्यानातच आलं न्हाई. लई लाज वाटली. मगाशी त्याला इचारलेली ती लाज माझीच हुती.

गॉगल काढला. टोपी बी काढली.

"गनीभाई, तुमच्या रानातनं टेम्पो नेऊ का?"

"ने की," म्हनला. "लवकर आन, पाऊस येतोय."