दिंडोरीच्या द्राक्षबागेत पडलेलं टूल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो.

मला बाता मारायची खोडच आहे. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभ्या उभ्या माझी दाढी वाढते, असं मी सांगतो, लोक हसतात. पण एक बात मी कामात मारली — ती घशात अडकून बसली आहे.

आम्ही एम्युलेटर बनवतो. म्हणजे सातपूरच्या एखाद्या कारखान्यात जुन्या लेथचा प्रोसेसर मेला, की नव्या कॉम्प्युटरने त्याची हुबेहूब नक्कल करायची. जुन्या सूचनांवरून नवा कोड कसा तयार व्हावा, याचे नियम लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्यात मी एक नियम घुसडला: प्रत्येक बेरजेनंतर शून्य आलं का, हातचा आला का, सगळ्या खुणा लिहून ठेवा — पुढे कुणी बघो न बघो. का? माझ्या कोडमध्ये एक चूक होती, मला सापडत नव्हती. सगळंच लिहिलं की ती झाकली जायची. पण हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी ठोकून दिलं — हा नियम नव्हता तेव्हा चाचणीत लेथचं टूल, म्हणजे धातू कापायचं पातं, छताचा पत्रा फोडून उडालं, ते थेट दिंडोरीच्या द्राक्षबागेत!

एवढं सगळं लिहीत बसल्यानं एम्युलेटर रांगायला लागला. मग ओझरची मृणाल आमच्यात नवीन आली — आणि तिनं माझी चूक शोधली. आधी माझ्याकडेच आली, हळूच. "सर, एवढं दुरुस्त केलं की खुणा लिहायची गरजच नाही. लय फास्ट पळतंय." तिचं बरोबर आहे हे मला कळलं — तिथल्या तिथे कळलं. आणि मी काय म्हणालो? "वा! उद्या मीटिंगमध्ये मांड."

तिनं मांडलं. मी फक्त द्राक्षबागेची गोष्ट पुन्हा सांगितली, जास्त रंगवून. साहेब म्हणाले, "काय मॅडम, आता वायनरीवर टूल पाडता का?" सगळे हसले. ती माझ्याकडे बघत राहिली. माझं एक वाक्य पुरलं असतं — नाही? तिच्याकडून कोडचं काम काढलं. आता ती ग्राहकांच्या तक्रारी ऐकते. तक्रार एकच: फार स्लो आहे.

चीड येते. कुणाची येणार — माझीच! नियम अजून तिथंच आहे.

परवा टपरीवर एक नवा इंजिनीअर मलाच ती गोष्ट सांगत होता. टूल, पत्रा, हिरवीगार द्राक्षं. मृणाल शेजारीच कटिंग घेऊन उभी. तो म्हणाला, "खरंय ना, सर?"

"हिरवी नाही रे," मी म्हणालो, "काळी होती."