हिरव्या शिपायाची ड्युटी

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचते, पण आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही... म्हणजे नव्हता. आता काय म्हणावं ते कळत नाही. मी सांगलीत बी.एस्सी. करते, विषय भौतिकशास्त्र. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गावात कुणाच्या अंगात आलं, कुणाला काही दिसलं, की 'असं काही नसतं' हे सांगायला मीच पुढे असायचे. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. सांभाळून घ्या.

आमचं गाव पाटणच्या पुढे, कोयनानगरच्या रस्त्याला. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते सैन्यात होते, वर्षातून दोन महिने घरी यायचे. मी दुसरीत असताना एका सुट्टीत त्यांनी कराडच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारभर गेमचा आकडा छापलेला, प्रत्यक्षात सात-आठच. त्यातला एक आमचा लाडका. त्याचं इंग्रजी नाव मला वाचता यायचं नाही आणि आण्णांनी कधी वाचायचा प्रयत्न केला नाही. आम्ही त्याला 'किल्ला' म्हणायचो. मधोमध किल्ल्याचं दार, दोन शिपाई, आणि दोन्ही बाजूंनी येणारे शत्रू. दार फुटलं की खेळ संपला. लाल शिपाई मी, हिरवा आण्णा.

आता एक बारीक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. गेम विकणाऱ्यानं आण्णांना बजावून सांगितलं होतं, "फौजी, गेम पॉज करून ठेवू नका. अडॅप्टर तापतो नि जळतो." आज मला माहीत आहे की यात काही तथ्य नाही. पण आमच्याकडे दोघांनीही ते खरं मानलं, आणि आम्ही पॉजचं बटण कधी दाबलंच नाही. मग आईनं जेवायला हाक मारली की काय करायचं? तर आण्णा म्हणायचे, "जा, जेवून ये. मी हाय हितं."

मी उठले की त्यांचा हिरवा शिपाई दाराच्या उजव्या कोपऱ्यात, जिन्याखाली जाऊन उभा राहायचा. तिथून तो एकटा दोन्ही बाजू सांभाळायचा. मी घास घेऊन दारातून डोकावले की तो दोन उड्या मारायचा, जरा थांबायचा, मग एक उडी. याचा अर्थ 'सब ठीक'. मी परत येऊन "गार्ड बदली!" म्हणायचे, की आण्णा रिमोट मांडीवर ठेवून हात झटकायचे.

आई चहा घेऊन आली तरी ते ओरडायचे, "थम! कौन आता है?"

"तुमची बायको येतीया, च्या घेऊन. घ्या, न्हाईतर निवंल," आई म्हणायची. "लेक साहेब नि बाप शिपाई. मी कोन, भांडी घासनारी?"

"तू कर्नल हायस गं," आण्णा म्हणायचे, नजर टीव्हीवरच.

पुढे मी मोठी झाले, गेम माळ्यावर गेला. आण्णा रिटायर होऊन शेतीला लागले. बारावीनंतर मी सांगलीला आले. पहिलं वर्ष नीट गेलं. दुसरं सुरू झालं आणि श्रावणात आण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही समजतं, पण किती समजतं ते सांगता येणार नाही. दिवाळीत मी पंधरा दिवस त्यांच्या समोर बसून होते. ते माझ्याकडे बघायचे ते भिंतीकडे बघावं तसं. मी कोण आहे हे त्यांना कळत होतं का, मी घरात नसते हे तरी कळत होतं का, मला काहीच कळलं नाही.

आई एकटी सगळं बघत होती. त्यांना उठवणं, अंघोळ, भरवणं. स्वतःचं जेवण उभ्या उभ्या, कधी संध्याकाळी, कधी नाहीच. चुलते फोनवर म्हणाले, "शिकून कुठं जायाचंय? आईकडं बघ जरा." ते चुकीचं बोलत होते असं मला म्हणता येईना. फेब्रुवारीत मी कॉलेज सोडल्याचा दाखला काढण्यासाठी अर्ज लिहिला. तो बॅगेत होता. सोमवारी ऑफिसात द्यायचा, असं ठरवलं होतं, आणि आईलाही फोनवर तसं सांगितलं होतं. मी सांगते ते त्याच्या आदल्या दिवशीचं, रविवारचं आहे.

मी विश्रामबागेत एका काकूंकडे राहते. वरची खोली माझी. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्याच असतात. त्यांचा मुलगा निनाद अमेरिकेत आहे. गेल्या खेपेला येताना त्यानं नव्या पद्धतीचा गेमचा कन्सोल आणला आणि जाताना इथंच ठेवून गेला. काकू मला म्हणायच्या, "अगं, वस्तू नुसती पडून राहिली की बिघडते. मिक्सरचं तसंच झालं. आठवड्यातून एकदा चालू करत जा बाई." म्हणून दर रविवारी मी तो अर्धा तास चालू करायचे. खेळायचे असं नाही, नुसती चित्रं बघायचे.

त्या रविवारी मन कशातच लागत नव्हतं. निनादनं घेऊन ठेवलेल्या गेमच्या यादीत जुन्या गेमचा एक संच होता. मी सहज खाली खाली गेले... आणि तो दिसला. तेच दार, तोच जिना. नाव तेव्हा पहिल्यांदा वाचता आलं. संगीत सुरू झालं आणि मला एकदम रडूच आलं.

सवयीनं मी 'दोन खेळाडू' निवडलं. चूक लक्षात आली तेव्हा लाल-हिरवे दोघेही मैदानात होते. दुसरा रिमोट शोकेसच्या काचेआड, कधीचा चार्ज न केलेला. म्हटलं, राहू दे हिरवा उभा. मी एकटीच खेळू लागले, त्याच्यावर येणारे शत्रूही मीच पाडत होते.

"अगं, पानं वाढलीत! भात निवतोय," काकूंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. घड्याळात एक वीस झाले होते. चौथी फेरी चालू होती. मी रिमोट सोफ्यावर ठेवला आणि उठले. पॉज केलं नाही. बारा वर्षांनंतरही माझं बोट त्या बटणाकडे गेलं नाही. मला तेव्हा ते जाणवलंसुद्धा नाही.

आम्ही दोघी जेवलो. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. एक पन्नासला मी हात पुसत हॉलमध्ये आले. मनात होतं, खेळ केव्हाच संपला असेल. कुणी सांभाळलं नाही तर दोन मिनिटांत दार फुटतं.

दार शाबूत होतं. फेरी अकरावी. लाल शिपाई मी सोडला तिथंच उभा होता. आणि हिरवा — उजव्या कोपऱ्यात, जिन्याखाली. डावीकडून दोघे आले, त्यानं पाडले. उजवीकडून एक आला, तोही पाडला. मग त्यानं दोन उड्या मारल्या, जरा थांबला, आणि एक उडी.

मी शोकेसकडे बघितलं. रिमोट तिथंच. त्याचा दिवा बंद.

मागून काकू आल्या. "कोण खेळतंय गं? तू तर इथं उभी आहेस."

मी बोटानं शोकेसमधला रिमोट दाखवला.

"निनाद असेल!" त्या एकदम खुलल्या. "तिकडून जोडता येतं ना इंटरनेटवर? मला सांगत होता तो. बघ, बघ कसा उड्या मारतोय गधडा!" त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, पदरानं चष्मा पुसत.

मी सोफ्यावर बसले. रिमोट हातात घेतला. पुढची दोन-तीन मिनिटं मी आणि तो हिरवा शिपाई एकत्र खेळलो. मी डावीकडे, तो उजवीकडे. मी पुढे गेले की तो मागे राहायचा. मला शत्रू दिसायच्या आधी तो त्याला पाडायचा. मला भीती वाटली नाही. असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा मला एकटं वाटत नव्हतं.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं... "गार्ड बदली."

हिरवा शिपाई थांबला. जागच्या जागी. एक शत्रू आला, त्याला लागून गेला, तो हलला नाही. दुसरा आला. हिरवा पडला. मी एकटीनं दार किती वेळ धरलं ते आठवत नाही, फार वेळ नाही.

मी ते म्हणायला नको होतं. कितीही वेळा विचार केला तरी मी इथंच येऊन थांबते.

संध्याकाळी काकूंनी निनादला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं. "आई, तुमच्याकडे दीड म्हणजे इथं पहाटेचे तीन. मी झोपलो होतो. आणि त्या कन्सोलला तिथं इंटरनेट जोडलेलंच नाही. तुम्हाला भास झाला असेल." काकू "बरं, बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर शोकेसची काच पुसत बसल्या. मी त्यांना काय सांगणार होते?

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. ती इतक्या जोरात बोलत होती की मला वाटलं काही वाईट झालं.

"आगं, ह्यांनी तोंड उघाडलं आज! बोललं!"

"काय? कधी?"

"दुपारी. दीडची एसटी अजून यायची हुती. कॉटजवळच्या स्टुलावर ग्लास हाय न्हवं, त्यातला चमचा वाजाय लागला. मला वाटलं भूकंपाचा हादराच बसतोय. लय भ्याले बग. ह्यास्नी एकटीनं भाईर कसं न्यावं? वर बघितलं तर दिवा हालंना, काय न्हाई. मग बघते तर ह्यांची बोटं हालत्याती. दोन्ही अंगठं. उजवा बी! ते कॉटच्या लोखंडावर टकाटका, म्हनून चमचा वाजतोय. आनी माझ्याकडं न बघता म्हनाले, 'जा, जेवून ये.'"



"असंच म्हनाले?"

"आसंच. 'जा, जेवून ये. मी हाय हितं.' स्पष्ट, पयल्यावानी. मी लगीच ताट वाढून घेतलं. त्यांच्या समोरच बसले नि पोटभर जेवले बग आज. अंगठं चालूच हुतं त्यांचं. माझं जेवान झालं, हात धुतला, थोड्या वेळानं थांबलं." आई रडत होती आणि हसतही होती. "आगं, मी जेवले न्हाई ह्ये त्यास्नी कळतंय. सगळं कळतंय त्यास्नी. आता तू कशाला येतीस शिक्षान सोडून? मी हाय की घट्ट."

त्या सोमवारी मी अर्ज दिला नाही. आई एवढ्या ताकदीनं बोलत होती की देणं शक्यच नव्हतं. आता मी तिसऱ्या वर्षाला आहे.

माझ्या बाजूनं जेवढं तपासता आलं तेवढं तपासलं. वर्गातली स्नेहल कॉम्प्युटरमधली जाणकार आहे. ती म्हणाली, नव्या आवृत्तीत दुसरा खेळाडू आपोआप खेळत असेल. आम्ही सगळ्या सेटिंग बघितल्या, तसं काही नाही. पुढच्या सहा रविवारी मी तसंच 'दोन खेळाडू' निवडून, पॉज न करता जेवायला गेले. दर वेळी परत येईपर्यंत खेळ संपलेला. हिरवा शिपाई सुरुवातीला उभा असतो तिथंच पहिल्या फेरीत पडतो. डॉक्टरांना आईनं अंगठ्यांचं सांगितलं. त्यांनी उजवा हात तपासला. त्यात हालचाल नव्हती. 'कधी कधी होतं असं' एवढंच म्हणाले. आण्णा त्यानंतर एक शब्दही बोललेले नाहीत.

मे महिन्यात मी घरी गेले होते. माळ्यावरचा गेम काढला, पण तो चालू झाला नाही. चालू झाला असता तरी काय केलं असतं, माहीत नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई तो प्रसंग सांगते. शेजारची वत्सलाकाकी तिला चिडवते, "तीस वर्सांत कवा बायकोला जेव म्हनाले न्हाईत, नि आता एकदम? फौजी सुधारला म्हनायचं!" आई लाजते. अगदी नव्या नवरीसारखी लाजते. आणि आता ती रोज दुपारी ताट वाढून घेते, आण्णांच्या समोर बसते, आणि सावकाश जेवते. तिच्या अंगावर थोडं मांसही आलंय.

ते शब्द तिच्यासाठी होते की माझ्यासाठी, मला ठाऊक नाही. सांगू शकेल असा एकच माणूस आहे आणि तो बोलत नाही. काकूंकडच्या त्या दुपारबद्दल मी आईला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ती सांगत असते तेव्हा मी शेजारी बसून 'व्हय, व्हय' म्हणते. आण्णांकडे मात्र तेव्हा मी बघत नाही.