गाडी कोण धाडणार?

बाळांनो, तुमच्या गावाजवळ अणुवीज केंद्र होणार असं काल फोनवर कळलं, म्हणून हे आजच लिहिते. आमच्या औरंगाबादेत एकदा अणुऊर्जा खात्याचे मोठे साहेब कोकणात होऊ घातलेल्या अशाच केंद्राबद्दल लोकांच्या शंका दूर करायला आले होते. कॉलेजच्या सभागृहात फिनाईलचा उग्र वास भरला होता. साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून प्रश्न चिठ्ठीवर इंग्रजीत द्यायचे होते. लासूर स्टेशन गावच्या एक बाई चिठ्ठी लिहून घ्यायला माझ्याकडे आल्या. त्यांची लेक त्या केंद्राशेजारच्या गावात दिली होती. "बाई, एवढं लिवा. धोक्याचा भोंगा वाजला तर माझ्या बाळंतिणीला न्यायला गाडी कोण धाडणार?" मी नेटक्या इंग्रजीत लिहिलं, आपत्कालीन वाहतुकीची व्यवस्था काय? साहेब म्हणाले, व्यवस्था असल्याशिवाय परवानाच मिळत नाही, आणि त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली. मी ते मराठीत सांगितलं. "म्हंजी गाडी येणार का नाय?" बाईंनी विचारलं. मी पुन्हा विचारायला उभी राहिले, तर साहेब हसून म्हणाले, "मॅडम, एका चिठ्ठीला एकच उत्तर." त्यांच्यापेक्षा मला माझाच राग आला, प्रश्नातली बाळंतीण मीच खोडली होती. ते केंद्र अजून कागदावरच आहे. लेक त्याच गावात नांदते आहे, आणि गाडीचं तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.