शिवता शिवता विमान उडालं

आमच्या कोर्दोबाच्या विमान कारखान्यात रोसौरा लुदुएन्या खुर्च्यांना कातडं शिवायची. सगळे तिला मानानं दोन्या रोसौरा म्हणायचे. तिच्या हातात कायम दाभण असायचा, हेही एक कारण. मी शेजारीच पत्र्याच्या कामावर होतो.

त्या काळात आम्ही वान्केरो नावाचं विमान बांधत होतो. दोन इंजिनं, मागे दोन उभ्या शेपट्या आणि पोटात मूठभर माणसांची जागा. लढायाबिढाया त्याचं काम नव्हे. साहेबांची, टपालाची ने-आण करावी एवढंच. आधी त्याचं नाव दुसरंच होतं. सरकार उलथलं तसं नावही बदललं. विमान तेच राहिलं, रंगाऱ्यांना तेवढं काम मिळालं. इंजिनंसुद्धा आमच्याच देशातली, त्यामुळे आमचा तोरा असा की बायको मला म्हणाली, "पोरगं झालं तेव्हाही एवढा नाचला नव्हतास."

दोन्या रोसौराला मात्र स्टुलावर चढायचीही धास्ती. "खुर्ची मी शिवते," ती म्हणायची, "पुढे ती कुठे जाते ते मला सांगू नका."

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी ती विमानात शेवटच्या खुर्चीमागे जमिनीवर बसून शिवत होती. इंजिनं तिथे रोजच धडधडत, म्हणून कानांत कापसाचे बोळे. चाचणीसाठी कॅप्टन बेल्त्रामिनो आला, त्याच्याबरोबर मेकॅनिक तुलिओ. तुलिओनं मागच्या खुर्च्यांकडे न पाहताच आतून दार लावलं.

कात्री आपोआप शेपटीकडे घसरायला लागली, तेव्हा तिनं खिडकीतून पाहिलं. खाली गाई वाटाण्याएवढ्या दिसत होत्या. कानांतले बोळे काढून ती रांगत पुढे गेली आणि तिनं कॅप्टनच्या खांद्याला अंगुस्तान घातलेलं बोट टोचलं.

"थांबवा. मला उतरायचंय."

कॅप्टन दचकून वळला. "दोन्या, तुम्ही इथे काय करताय?"

"शिवतेय. तुम्ही काय करताय?"

त्यानं विमान वळवलं, पण तोवर कोर्दोबावर दाट धुकं उतरलं होतं. "रिओ क्वार्तोला उतरू," तो म्हणाला.

"तिथे नको. तिथे माझी बहीण राहते."

"मग बरंच झालं की."

"कसलं बरं? आईचं शिवणयंत्र मी उचलून आणलं, तेव्हापासून आम्ही बोलत नाही."

"मग इथेच धुक्यात उतरवू का?"

यावर ती बराच वेळ विचार करत राहिली, असं तुलिओ अजूनही शपथेवर सांगतो.

शेवटी रिओ क्वार्तोलाच उतरले. धुकं काही हटेना, आणि तिथल्या वैमानिकांच्या छावणीत बाईमाणसाची सोय नव्हती. कॅप्टन तिला बहिणीच्या दारात घेऊन गेला. एल्विरानं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कशी आलीस?"

"विमानानं."

"तू? थापा मारायची सवय गेली नाही तुझी."

कॅप्टननं टोपी काढली. "खरं आहे, बाई. चूक आमची."

"हा कोण?"

"यानं मला जवळजवळ मारलंच होतं."

एल्विरानं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग आत या. मक्या-मटणाचा लोक्रो गार होतोय."

जेवताना भांडण निघालंच. आई, यंत्र, कोण कुणाची लाडकी. कॅप्टन आणि तुलिओ मान खाली घालून पुन्हा पुन्हा वाढून घेत राहिले. मग एल्विरा एकदम म्हणाली, "यंत्र गेलं खड्ड्यात. मला कुठे शिवता येतं? तू विचारलं नाहीस, त्याचा राग."

रोसौरानं भांडण अर्ध्यावर सोडलं. हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"आता विचारते," ती हळूच म्हणाली. "नेऊ का?"

"ने, मेले."

दोघी गळ्यात पडून रडल्या. तुलिओही रडला, कांद्यामुळे, असं त्याचं म्हणणं.

त्या हिवाळ्यात कोर्दोबावर फारच धुकं पडलं. म्हणजे, फक्त बेल्त्रामिनोला दिसलं. बाकीचे वैमानिक लख्ख उन्हात उतरत होते आणि हा आपला रिओ क्वार्तोला. वसंतात त्यानं एल्विराशी लग्न केलं. नवरीचा झगा रोसौरानंच शिवला आणि तो मांडीवर घेऊन ती बसनं गेली.

"विमानानं का नाही आलात?" मांडवात कुणीतरी डिवचलं.

"एकदा गेले तर मेहुणा मिळाला," ती म्हणाली. "पुन्हा गेले तर काय गळ्यात पडेल, कोण जाणे."

कारखान्यात मात्र इंजिन सुरू करण्याआधी आत डोकं घालून "कुणी शिवतंय का?" असं ओरडायची पद्धत पडली, ती शेवटचं वान्केरो बाहेर पडेपर्यंत टिकली. कारखान्यातलं काम कायमचं सोडल्यावर दोन्या रोसौरा बहिणीच्या शेजारी राहायला गेली. मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा कुंपणावर सुकत घातलेल्या चादरीवरून दोघींची जुंपली होती, आणि बेल्त्रामिनो अंगणात निवांत माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट चहा, पीत बसला होता.