अन्नछत्रातली बिअर

“तिची सही धरूनच चला. ती काय बोलणार?” टी. नगरच्या फ्लॅटमध्ये मामा फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी दाराआड त्यांचीच कॉफी घेऊन उभी होते.

जगातली एकही वस्तू तिच्या मूळ कामासाठी वापरायची नाही, असं माझ्या मामांनी जन्मतःच ठरवलं असावं. वॉशिंग मशीनमध्ये ते कोथिंबीर सुकवतात. लग्नातल्या फेट्याचा त्यांनी न्हाणीघराला पडदा केला. तंजावरजवळच्या गावातलं आमच्या पूर्वजांचं अन्नछत्र बघून त्यांना ब्रूपब सुचलं : बिअर तिथेच बनवायची, तिथेच पाजायची. “परवान्याचं नंतर बघू. खांब तर तयार आहेत!” पहिली बिअर त्यांनी घरीच, इडलीच्या ग्राइंडरच्या भांड्यात आंबवली आणि सवयीने तीत मीठ आणि मेथ्याही घातल्या. “फसफसली की झाली. कशी आहे गे?” मी “छान” म्हणाले. इंग्रजी शाळेत शिकून मी तीन भाषांत गप्प बसायला शिकले आहे.

छत्राचा अर्धा वाटा माझ्या आईचा, अम्माचा होता, ती गेल्यावर माझा झाला. अम्मा वर्षातून एकदा आम्हाला तिथे न्यायची. स्वयंपाक झाला की उंबऱ्यावर उभी राहून तीनदा हाक मारायची, “कोणी उपाशी आहे का?” एक तरी वाटसरू जेवल्याशिवाय घरच्यांना पान नाही. एकदा तिन्ही हाका झाल्या, दुपार कलली, तरी कोणी येईना. तेव्हा भुकेने कासावीस झालेले मामा मागच्या दाराने बाहेर पडले आणि डोक्याला पंचा गुंडाळून पुढच्या दाराने वाटसरू होऊन आत आले. अम्माने हसू दाबून त्यांना पान वाढलं.

गेल्या रविवारी त्याच छत्राच्या ओसरीवर ब्रूपबच्या भागीदारीचे कागद मांडले होते. भागीदार बसले होते. शेजारी नवे बिअरचे ग्लास, आणि प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत अम्माची हाक छापलेली.

“पाहिलंस? तुझ्या अम्माची आठवण राहील,” मामा म्हणाले. वाईट हे, की त्यांना ते मनापासून वाटत होतं. त्यांनी पेन पुढे केलं.

मी पेनाला टोपण लावून ते त्यांच्या हातात परत दिलं.

“मामा, पुढच्या दाराने वाटसरू होऊन या, मी पान वाढते. सही नाही करणार.”