लुकलुकत्या दिव्यांची मावशी

आमच्या नलूमावशीपुढे ‘दिवा विझला’ म्हणायची सोय नव्हती. घरात निरांजन ‘शांत’ व्हायचं आणि दुकानात गाडीचा दिवासुद्धा! एखादा ड्रायव्हर चुकून बोलायचा, “लाइट बुझ जाती है,” की मावशी कडाडलीच, “बुझे तेरे दुश्मन की! झपक रही है, ऐसा बोल.”

देवासला काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला आणि मावशी पदर खोचून दुकानात बसली. बारा वर्षं कारखान्यात सर्किटांना सोल्डरिंगचे डाग दिलेली बाई ती, तिला कसली भीती? पण बाईच्या हाती गाडी द्यायला कोणी तयार होईना. गिऱ्हाईक दारातूनच माघारी वळायचं. मला अस्सा संताप यायचा! शेवटी दुकान विकायच्या गोष्टी सुरू झाल्या.

तेव्हा गाड्यांना बाहेरून पांढरे झगझगीत दिवे बसवून घ्यायची टूम निघाली होती. कन्नौदचा एक टॅक्सीवाला आला. त्याचे नवे दिवे सारखे लुकलुकायचे. दोन ठिकाणी बल्ब बदलून झाले, तिसऱ्यानं कंडेन्सर लावला, तो फुटला.

“मिस्त्री को बुलाओ,” तो म्हणाला.

“आ गया मिस्त्री,” म्हणत मावशीनं बोनट उघडलं.

“बल्बचा काय दोष गं?” ती मला म्हणाली. “या गाडीत वीज तुटक येते, आपल्या नळासारखी. मध्ये रांजण भरलेला असला की धार अखंड. कंडेन्सर म्हणजे रांजण.” फुटलेल्याच्या तारा बघून तिनं कपाळावर हात मारला. “प्लस-मायनस उलटे! अगं, धरमपुरीला नर्मदेच्या नावेत उलटं तोंड करून बसलं तरी माणूस पैलतीराला लागतो. कंडेन्सर उलटा बसला की फुटलाच.”

तिनं नवा सुलटा बसवला. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून पाव तास दिव्यांकडे टक लावून उभा. एकदाही लुकलुकले नाहीत. पण मेला नुसते पैसे टेकवून निघून गेला!

आठवड्यानं तो परत आला, मागे कन्नौदच्या आणखी तीन टॅक्स्या घेऊन. दारात बसलेले काका सवयीनं काठी टेकत उठायला लागले.

“आप बैठो भिया,” तो म्हणाला, “उस्ताद को बुलाओ.”

काका हसले. जन्मभर बायकोला ‘अगं’ म्हणणारा माणूस. आत वळून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक दिली,

“अहो उस्ताद, गाड्या आल्यात!”