बिडीपुरती सुट्टी

मूल तालुक्यातल्या एका गावात मी बायकांची बिडी सोडवायला गेलो, आणि पहिली चूक गावात शिरण्याआधीच करून बसलो. एस.टी.नं फाट्यावर उतरवलं, पुढे चिखल. एका शेतमालकानं मोटारसायकलवर मागे बसवून घेतलं. मला भेटायच्या होत्या त्या बायका नेमक्या त्याच्याच शेतात वाकून धानाची, म्हणजे भाताची, रोपं रोवत होत्या. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मालकाशेजारी उभा राहिलो आणि त्याचाच चहा पीत धूम्रपानाचे तोटे सांगू लागलो. फुप्फुसाचं रंगीत चित्रही उघडलं. ते उलटं धरलंय हे कळेपर्यंत अर्धं भाषण झालं होतं.

कुणी हसलंही नाही. सगळ्याजणी माझ्याकडे नव्हे, मालकाकडे बघत होत्या. बिडी कोण कोण पितं म्हणून विचारलं, तर कुणीच पीत नव्हतं. पायाशी थोटकं पडलेली होती. ती म्हणे पुरुषांची. आता त्या शेतात मालक सोडून पुरुष एकच, चिखलणी करणारा, आणि त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. या बायका खोटं बोलतात, एवढा शोध लावून मी परतलो.

दुसऱ्या दिवशी मालक नसताना गेलो. पन्नाशीची एक बाई खोकत धुऱ्यावर आली. बिडी सोडली नाहीस तर पुढच्या रोवण्याला तू नसशील, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. तिलाही सोडायची होती. मग काल का बोलला नाहीत, असं मी विचारलं. ती माझ्याकडे पोलिसाकडे पाहावं तशी पाहत राहिली.

"तुमाले मालकानं धाडलं का, भाऊ?"

"नाही हो बाई."

"मंग त्याच्या गाडीवर कसे आले?"

चिखल होता म्हणून, असं मी पुटपुटलो. मग तिनंच हळूहळू सांगितलं. रोवण्यात जेवणाशिवाय बसायला मिळत नाही. नुसती कंबर धरून बसली की मालक हाक मारतो. बिडी पेटवली तर मात्र ती संपेपर्यंत कुणी काही बोलत नाही, अशी रीत. "बिडी नाई तं बसाले कोण देते?"

इथं गप्प बसायचं, तर मी त्याच संध्याकाळी मालकाकडे गेलो. बायकांना बिडीविनाही विसावा द्या म्हणालो. त्यानं त्यातली बिडीच तेवढी ऐकली. "सोडवा, सोडवा," म्हणाला, "बायाइची उठबस वाचन, काम जास्त होईन." आता मी खरोखरच त्याचा माणूस झालो होतो. दुसऱ्या दिवशी गावात मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आठवड्यानं पुन्हा गेलो, तर लांबूनच दिसलं: तीच बाई धुऱ्यावर, तोंडात बिडी; शेजारी आणखी एक जण धूर सोडत. माझ्यातला हवालदार जागा झाला. रंगेहाथ पकडायचं म्हणून धुऱ्याआडून वाकत वाकत गेलो आणि तिच्यापासून हातभर अंतरावर घसरून गुडघाभर चिखलात रुतलो. ती दचकलीसुद्धा नाही.

"हात लावून पाहा," ती म्हणाली.

बिडी गार होती. पेटवलेलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंचं ऐकून तिनं बिडी सोडल्याला आठ दिवस झाले होते. "मालक तिकडं छत्रीत बसते. त्याले काय दिसते? बाजूचीचा धूर हाये ना." मग आवाज उतरला. "त्याले सांगू नोका, भाऊ. आठ दिवसापासून सोडली हाये. बसू नाई देल्लं तं पेटवा लागन."

तेवढ्यात मालक छत्री घेऊन आमच्याकडे आला. माझ्या चिखलाकडे पाहत त्यानं विचारलं, "मंग? किती जणींनी सोडली?"

रोवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"एकीनंही नाही," मी म्हणालो. "फार अवघड बायका आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्या तोंडातल्या बिडीकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. त्याला पटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मग तो छत्री घेऊन परत वळला. बाई उठली नाही. बिडी जळून संपायला लागतो तेवढा वेळ ती पाय लांब करून नीट बसली, मग बिडी कानामागे खोचून शेतात उतरली.